बांधावरचें टोपलें

सुशिक्षित घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. विचारणारे निरनिराळ्या वयाचे असतात, परंतु प्रश्न एकच. सेवानिवृत्त झालेले दादा म्हणतात, "वेळ जात नाहीं." मुलें मोठीं होऊन आपापल्या उद्योगास लागलीं म्हणजे गृहिणी म्हणते, "आतां माझ्यावांचून येथें काय अडलें आहे?" आणि चांगल्या पगाराची नोकरी लागून दोन वर्षें झालेला तरुण पानावरून उठतां उठतां सहज बोलून जातो, "हें सगळें कशासाठीं?" अन्नवस्त्राची ददात नाहीं, देवघरांत दिवा लागतो, औषधपाण्याची सोय आहे, चार लोकांत मान आहे, आणि तरीही जीव कशांत रमत नाहीं. अशा वेळीं वडील माणसें परोपकाराचा उपदेश करतात, व ऐकणारा मान डोलावून आपल्या खोलींत निघून जातो. उपदेश खोटा असतो असें नव्हे. पण त्याचें टोंक कोठें धरावें हेंच त्या बिचाऱ्यास कळत नाहीं.

म्हणून या महिन्यांत उपदेश बाजूला ठेवून आम्ही वाचकांना पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील दोन तालुक्यांत नेणार आहों. पेण आणि रोहें हे ते तालुके. मुंबईहून निघालेला प्रवासी हे दोन्ही गांव बहुधा गाडीच्या खिडकींतूनच पाहतो. या टापूशीं नातें सांगणाऱ्या तीन पुरुषांस आशिया खंडांत मोठा मानला जाणारा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. विनोबा भावे यांस तो १९५८ सालीं, म्हणजे पुरस्काराच्या पहिल्याच वर्षीं मिळाला. चिंतामणराव देशमुख यांस १९५९ सालीं आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांस १९९६ सालीं. परंतु या मानसन्मानाआधीं तेथील मातीकडे पाहणें आम्हांस अधिक उपयोगाचें वाटतें, म्हणून आरंभ मातीपासूनच करूं.

पेणच्या पश्चिमेस खाडीच्या अंगाला जो सपाट मुलूख पसरला आहे, त्यास खारेपाट म्हणतात. ही जमीन निसर्गानें आयती दिलेली नाहीं. माणसानें ती भरतीच्या पाण्याशीं झगडून मिळविली आहे. खाडीच्या कडेनें चिखलाचे लांबच लांब बांध घालावयाचे आणि त्यांत मधून मधून उघाड्या ठेवावयाच्या. ओहोटी लागली कीं आंतलें पावसाचें पाणी उघाडीची फळी ढकलून बाहेर जातें, आणि भरती येतांच बाहेरच्या पाण्याच्या दाबानें तीच फळी आपोआप मिटते. अशा रीतीनें कांहीं पावसाळ्यांत जमिनींतला खार धुऊन निघतो व तेथें भात पिकूं लागतें. ज्या कोणीं ही युक्ति प्रथम योजिली त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत, पण त्यांचे बांध मात्र राहिले.

एवढी सारी व्यवस्था त्या एका बांधावर अवलंबून असते. खेकड्यानें पोखरलेलें एखादें बीळ वेळीं बुजविलें नाहीं, तर उधाणाच्या रात्रीं तेथूनच पाणी वाट काढतें व पाहतां पाहतां मोठी खांड पडते. मग ती खांड कोणाच्या शेतासमोर पडली याला अर्थ उरत नाहीं. खारें पाणी सर्वांच्याच शेतांत शिरतें, आणि एकदां शिरलें कीं पुढें दोन-तीन वर्षें दाण्याची आशा नको. म्हणूनच बांधाची राखण हें एकट्यादुकट्याचें काम कधींच नव्हतें. हांक आली कीं घरटीं एक माणूस टोपलें-फावडें घेऊन बाहेर पडावयाचा. समुद्र परत येण्यास सहा तासांचा अवधि. तेवढ्या ओहोटींत एकमेकांच्या हातीं चिखल देत खांड बुजली पाहिजे. अशा रात्रीं कमरेइतक्या पाण्यांत उभ्या असलेल्या माणसास 'माझें आयुष्य कशासाठीं?' असें विचारण्याची सवड नसते; आणि आमच्या समजुतीप्रमाणें त्याला गरजही नसते. त्याच्या डोक्यावर टोपलें असतें, व त्या टोपल्याची वाट पुढचा माणूस पाहत असतो.

येथवर चित्र मनोहर आहे. परंतु या चित्राला दुसरीही बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें हें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पुष्कळ ठिकाणीं जमीन एकाची होती आणि चिखल दुसऱ्याच्या डोक्यावर होता. खोत आणि सावकार ओटीवर बसून 'गांवाचें काम आहे, सर्वांनीं केलें पाहिजे' असें सांगत. टोपलें मात्र कुळानें उचलावयाचें, आणि पीक हातीं आलें कीं त्यांतला मोठा वांटा पुन्हां ओटीवर यावयाचा. शेजारच्या अलिबाग तालुक्यांत चरी येथें १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं शेती न कसण्याचा जो संप केला, तो कित्येक वर्षें टिकला, यावरूनच त्या अन्यायाची खोली कळून येते. पुढें १९४८ सालीं कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाराच्या मालकीचा म्हणून ठरविण्यांत आला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं या तारखेची आठवण 'आपली जमीन गेली' अशा शब्दांत अजून निघते. ती जमीन कोणाच्या चिखलानें राखली होती, हें मात्र त्याच बैठकींत क्वचितच कोणी विचारतो.

त्याच १९४८ सालीं खारजमिनींचाही स्वतंत्र कायदा झाला व बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. त्यांत न्याय होता व सोयही होती. परंतु सरकारचें काम म्हटलें कीं तें कोणाचेंच काम नव्हे, अशी आपली एक समजूत आहे. घरटीं निघणारा माणूस निघेनासा झाला. हांक मारण्याऐवजीं अर्ज लिहिण्याची पद्धत पडली. आणि आज खारेपाटांत असे पुष्कळ पट्टे दिसतात, कीं जेथें एके काळीं भात होतें, तेथें आतां कांदळवन माजलें आहे. या एका बांधाच्या इतिहासांतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. जबरीनें वाहिलेलें टोपलें माणसाच्या आयुष्यास अर्थ देत नाहीं, तें त्याचें ओझेंच असतें. आणि ज्यानें टोपलें सर्वस्वीं दुसऱ्यावर सोंपविलें, त्यालाही अर्थ सांपडत नाहीं. त्याला फक्त फुरसत सांपडते. आपल्याहून मोठ्या कामांत आयुष्याचें सार्थक आहे, हें वचन खरें ठरावयाचें तर माणसानें आपखुषीनें, स्वतःच्या हातानें आणि इतरांच्या बरोबरीनें काम करावयास हवें. पेण-रोह्याचे जे तीन पुरुष आम्ही वर सांगितले, त्यांचीं चरित्रें आम्ही याच कसोटीवर पाहणार आहों.

पेण तालुक्यांत गागोदें म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबांचा जन्म झाला आणि बालपणाचीं पहिलीं वर्षें आजोबा शंभूराव व आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासांत तेथेंच गेलीं. विनोबांनीं पुढें आपल्या आठवणी सांगतांना त्या घरांतल्या दोन लहान गोष्टींचा मोठ्या प्रेमानें उल्लेख केला आहे. अंगणांतल्या फणसाचा पहिला फणस उतरला कीं घरांतल्या मुलांनीं त्यास हात लावावयाचा नाहीं. गरे द्रोणांत घालून आधीं शेजाऱ्यांकडे पोंचवावयाचे, आणि तेंही मुलांनींच. आईनें गडीमाणसाकरवीं गरे पाठविले असते, तर शेजाऱ्यांचें तोंड तितकेंच गोड झालें असतें. पण मुलाला देण्याची गोडी लागली नसती. दुसरी गोष्ट गणपतीची. आजोबा घरच्या मुलांकडून चंदन उगाळून घेत आणि त्या गंधाची मूर्ति स्वतः घडवीत. ज्या मूर्तीसाठीं मुलांचे हात दुखले, तिची पूजा करावयाची, आणि पुढें तीच आपल्या हातांनीं पाण्यांत सोडावयाची. आपण घडविलेलें आपलें म्हणून धरून ठेवूं नये, हा धडा त्या वयांत याहून सोप्या रीतीनें कोणी शिकविला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

पेणच्या मातींत हा धडा कांहीं निराळ्या रीतीनें रोजच चाललेला असतो. पेण शहर आणि हमरापूर, जोहें, कळवें हीं भोंवतालचीं गांवें गणेशमूर्तींसाठीं देशांत आणि परदेशांतही प्रसिद्ध आहेत. तेथें वर्षभर कारखान्यांतून मूर्ति घडत असतात. कोणी सांच्यांत माती भरतो, कोणी जोड घासतो, कोणी रंग देतो आणि सर्वांत कसलेला कारागीर डोळ्यांची आंखणी करतो. तो त्यांचा धंदा आहे, व धंद्याचे पैसे त्यांनीं घेतलेच पाहिजेत. त्यांत उगीच अध्यात्म आणण्याची जरूरी नाहीं. तरीपण ज्याच्या हातांतून शेंकडों मूर्तींचे डोळे उघडतात, त्याला त्या मूर्ति कोणाच्या घरीं बसल्या हेंही कळत नाहीं, आणि आपलें उत्तमांतलें उत्तम काम चतुर्दशीपर्यंत पाण्यांत जाणार हें ठाऊक असूनही त्याचा हात ढिला पडत नाहीं. काम चांगलें करणें आणि तें सोडून देणें या दोन गोष्टी एका मनांत नांदूं शकतात, याचा हा रोकडा पुरावा आहे.

गागोद्याच्या त्या मुलानें पुढें काय केलें हें वाचकांस ठाऊकच आहे. १९१६ सालीं घर सोडून तो गांधीजींच्या आश्रमांत गेला. आईला संस्कृत गीता कळत नाहीं व मराठी भाषांतरें जड जातात, ही तिची अडचण मनांत धरून त्यानें आई वारल्यावर कित्येक वर्षांनीं, १९३०-३१ सालीं, 'गीताई' रचिली. एका घरांतल्या एका बाईची अडचण दूर करण्यासाठीं आरंभिलेलें काम लक्षावधि घरांत पोंचलें. मोठें कार्य करावयाचें म्हणजे प्रथमपासूनच मोठ्या जगाचा विचार करावयास हवा, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. पुष्कळदां जवळच्या एका माणसाची खरीखुरी गरज नीट ओळखतां आली, तर जगाची गरज त्याच वाटेवर भेटते.

१९५१ सालच्या एप्रिलांत तेलंगणांतील पोचमपल्ली गांवीं भूमिहीन हरिजन कुटुंबांनीं विनोबांजवळ ऐंशी एकर जमिनीची मागणी केली. विनोबांजवळ जमीन कोठली? त्यांनीं गांवकऱ्यांनाच विचारलें, आणि रामचंद्र रेड्डी या गृहस्थांनीं उभें राहून शंभर एकर देऊं केले. ती तारीख १८ एप्रिल. तेथून जी भूदानयात्रा निघाली ती सुमारें तेरा वर्षें पायीं चालली. तिच्यांत आम्हांस महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, कीं विनोबांनीं केवळ जमीनदारांपुढेंच हात पसरला नाहीं. ज्याच्याजवळ बिघा-दोन बिघे आहेत त्याच्याकडूनही त्यांनीं गुंठा-दोन गुंठे आदरानें घेतले. हिशेबी मनुष्य म्हणेल, कीं गुंठ्यानें काय होणार? पण गरीबाला केवळ घेणारा म्हणून उभें करणें हा त्याचा अपमान आहे, आणि देणाऱ्यांच्या रांगेंत त्यालाही जागा आहे, हें त्या गुंठ्यानें सिद्ध होत होतें. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन अशा रीतीनें कागदावर मिळाली. तींतली पुष्कळ खडकाळ निघाली, कांहीं तंट्यांत अडकली आणि मोठा भाग वांटलाच गेला नाहीं, हेंही खरें आहे. दानपत्र लिहून देण्याचा क्षण उदात्त असतो. मोजणी, नोंद आणि ताबा हें काम कंटाळवाणें असतें. भूदानांत उणें पडलें तें औदार्य नव्हे, तर हें कंटाळवाणें काम नेटानें करणारे हात.

आतां रोह्याकडे वळूं. पेणहून दक्षिणेस, कुंडलिका नदीच्या कांठीं हें गांव आहे. येथें १९ ऑक्टोबर १९२० रोजीं पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. वडील वैजनाथशास्त्री यांनीं १९२६ सालीं मुंबईस माधवबागेंत गीतापाठशाळा काढली होती, आणि १९४२ पासून तेथें पांडुरंगशास्त्री प्रवचन करूं लागले. १९५४ सालीं जपानांत तत्त्वज्ञांच्या परिषदेस ते गेले असतां, तुम्ही म्हणतां तसें जगणारा एखादा समाज तुमच्या देशांत दाखवितां येईल काय, असा प्रश्न त्यांस विचारण्यांत आला असें सांगतात. तो त्यांच्या जिव्हारीं लागला. परदेशांत राहण्याचें निमंत्रण नाकारून ते परतले, आणि पुढें स्वाध्याय परिवार म्हणून जें कार्य उभें राहिलें त्याचें बीज त्या प्रश्नांत होतें.

या कार्यांतील 'योगेश्वर कृषि' ही कल्पना आमच्या आजच्या विषयाशीं अगदीं जवळची आहे. गांवांत एक शेत असें धरावयाचें, कीं जें देवाचें; गांवांतील स्वाध्यायींनीं पाळीपाळीनें वर्षांतले ठराविक दिवस तेथें राबावयाचें. जो राबेल त्याला मजूर म्हणावयाचें नाहीं, दाताही म्हणावयाचें नाहीं, तो 'पुजारी'. जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्याच शेतावर एरवी रोजानें जाणारा मनुष्य येथें एकाच सरींत, एकाच नांवानें उभे राहतात. आलेलें पीक कोणा एकाच्या घामाचें नसल्यानें त्याला 'अपौरुषेय लक्ष्मी' असें नांव दिलें आहे. त्यांतला कांहीं भाग गांवांतल्या नडलेल्या घरांत प्रसाद म्हणून, गाजावाजा न करतां पोंचतो. घेणारा खालीं मान घालीत नाहीं, कारण त्या शेतांत त्याचाही दिवस गेलेला असतो. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांनीं हीच रीत समुद्रावर नेली. 'मत्स्यगंधा' या त्यांच्या सामाईक नौकांवर पाळीपाळीनें पुजारी जातात आणि मिळालेली मासळी देवाची धरतात. मासे धरण्याचें काम, जें सोंवळ्याओंवळ्याच्या हिशेबांत आपल्या घरांनीं हीन ठरविलें, तेंच येथें पूजा झालें, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं जरा थांबून मनांत घोळवावी.

पैसे देणें आणि दिवस देणें यांत फार अंतर आहे. पैसा हा बहुतेक वेळां आपल्या शिलकेंतून निघतो. दिवस हा आयुष्यांतूनच काढून द्यावा लागतो. वर्गणीच्या पावतीवर आपलें नांव छापून येतें. सरीवर येत नाहीं. पांडुरंगशास्त्र्यांनीं माणसाजवळ मागितला तो त्याचा दिवस आणि त्याचें कसब. ज्याला नांगर येतो त्यानें नांगर द्यावा, ज्याला वल्हें येतें त्यानें वल्हें. त्यांना १९९७ सालीं टेंपलटन पुरस्कारही मिळाला आणि २००३ सालीं ते वारले. त्यांच्या अखेरच्या काळांत व मागाहून परिवारांत वाद झाले, ते न्यायालयांपर्यंतही गेले. यावरून मूळ कल्पना खोटी ठरत नाहीं. मात्र जें कार्य माणसाहून मोठें म्हणून उभें राहतें, तें एका माणसाच्या नांवाशीं जखडलें गेलें तर काय होतें, याचा विचार शहाण्यानें करावा. मोठें कार्य पूज्य असलें तरी त्याच्या कारभारास प्रश्न विचारणें म्हणजे निष्ठेंत उणेपणा नव्हे.

हीच गोष्ट तिसऱ्या पुरुषाच्या चरित्रांत निराळ्या रीतीनें दिसते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ सालीं महाडजवळ नातें येथें झाला. घराणें मात्र रोह्याचें. सनदी परीक्षेंत पहिले आलेले, १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झालेले, पुढें कुलाब्यांतून लोकसभेवर निवडून गेलेले व भारताचे अर्थमंत्री झालेले हे गृहस्थ ना पदयात्रेस निघाले, ना शेतांत राबले. त्यांचें टोपलें कागदांचें होतें. सारें आयुष्य टेबलाशीं बसून, आंकडे तपासून, टिपणें लिहून त्यांनीं देशाचें काम केलें. आमच्या वाचकांपैकीं बहुसंख्यांचें आयुष्य कचेरींतच गेलें आहे किंवा जात आहे, म्हणून हें उदाहरण आम्ही मुद्दाम घेतलें. नेमून दिलेलें काम चोख करणें ही देखील बांधावरचीच चाकरी आहे. पण त्या चाकरींत विवेक गहाण टाकावयाचा नसतो. १९५६ सालीं मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय त्यांस पटला नाहीं, तेव्हां त्यांनीं अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मोठ्या कार्याशीं एकनिष्ठ असणारा मनुष्य त्याच कार्यासाठीं 'नाहीं' म्हणूं शकतो, आणि त्यानंतरही स्वस्थ बसत नाहीं. विद्यापीठ अनुदान मंडळ आणि दिल्ली विद्यापीठ यांचें काम त्यांनीं त्यापुढें केलें.

खेकड्याच्या बिळाचा आम्ही वर उल्लेख केला आहे, त्याचा अर्थ पेणच्याच एका कटु अनुभवानें अधिक स्पष्ट होतो. २०१० सालीं पेण अर्बन सहकारी बँक बोगस कर्जखात्यांच्या गैरव्यवहारामुळें कोसळली, आणि हजारों ठेवीदारांची, त्यांत पेन्शनरांची, विधवांची व लहान व्यापाऱ्यांची, आयुष्याची पुंजी अडकून पडली. सहकारी बँक हा देखील एक बांधच. पुष्कळांनीं थोडें थोडें घालून उभारलेला. त्याला एका दिवसांत खांड पडत नाहीं. वार्षिक सभेला जाणारे किती, अहवाल वाचणारे किती, आणि न समजलेल्या आंकड्याबद्दल उठून विचारणारे किती? शेतांत राबणें आपल्याला जमणार नाहीं अशी ज्या सुशिक्षितांची खंत असते, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें, कीं हिशेब वाचतां येणें हेंही एक कसब आहे, आणि सार्वजनिक संस्थांच्या बांधांवर या कसबाची माणसें फार थोडीं आहेत.

आतां प्रश्न आपल्या घराचा. एकत्र कुटुंब ही आपल्याहून मोठ्या गोष्टीची पहिली शाळा होय, यांत शंका नाहीं. पहाटे सर्वांच्या आधीं उठून चूल पेटविणारी सासू, आपलें शिक्षण थांबवून धाकट्या भावांचीं शिक्षणें करणारा वडील मुलगा, आजारी चुलतसासऱ्याच्या उशाशीं रात्र काढणारी सून, या माणसांना सार्थकाचा धडा नव्यानें देण्याची गरज नाहीं. पण या शाळेंतही 'टोपलें कोणाच्या डोक्यावर?' हा प्रश्न विचारावाच लागतो. घराच्या मोठेपणासाठीं झिजण्याचा मान पिढ्यान् पिढ्या सुनांनाच कां मिळाला? पंगतींत 'आमचें घर' म्हणणारे पुष्कळ, पण पंगत उठल्यावर उष्टीं काढण्यास त्यांतले किती उठले? जो त्याग एकानें सांगावा आणि दुसऱ्यानें करावा, त्याला त्याग म्हणणें म्हणजे शब्दांची फसवणूक आहे.

आणि शाळा ही कांहीं सारें जग नव्हे. जें घर आपल्या उंबऱ्याशींच थांबतें, तें एका माणसाच्या स्वार्थाऐवजीं वीस माणसांचा स्वार्थ सांभाळतें, इतकाच फरक. गागोद्याच्या घरांतला द्रोण उंबऱ्याबाहेर गेला म्हणून त्या घराचें नांव राहिलें. जमिनी गेल्या, मुलें मुंबई-पुण्यास किंवा त्याहून दूर गेलीं, वाडे रिकामे पडले, अशी तक्रार करीत बसण्यापेक्षां आपल्याजवळ काय उरलें आहे याची मोजदाद करावी. शिक्षण उरलें आहे. लिहितां-वाचतां येणें, कायदा समजणें, औषधाची चिठ्ठी समजणें, अर्ज करतां येणें उरलें आहे. पेण व रोहें या दोन्ही तालुक्यांत डोंगराच्या कडेनें कातकरी वाड्या आहेत. तेथल्या कुटुंबांना वीटभट्ट्यांच्या व इतर मजुरीसाठीं वर्षांतले कित्येक महिने परगांवीं जावें लागतें, आणि मुलांची शाळा त्यांत तुटते. निवृत्त शिक्षकानें अशा मुलांना आठवड्यांतले दोन दिवस दिले, तर 'वेळ जात नाहीं' ही तक्रार आपोआप मिटेल. मात्र उद्धार करावयास जातों या भावनेनें जाऊं नये. त्या मुलांना रानांतल्या भाज्या, मासे आणि पाखरें यांविषयीं जें ठाऊक आहे, तें त्यांच्याकडून शिकूनही घ्यावें. म्हणजे देणाऱ्यांच्या रांगेंत त्यांचीही जागा राहील.

ज्यांना घराबाहेर पडणें शक्य नाहीं, त्यांच्यासाठींही काम आहे. गांवच्या वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालणें, अंध विद्यार्थ्यास धडा वाचून दाखविणें, सोसायटीचा किंवा देवस्थानचा जमाखर्च बारकाईनें तपासणें, यांतलें कोणतेंही काम क्षुद्र नाहीं. निवड करतांना तीन गोष्टी पाहाव्या. त्या कामांत आपला हात प्रत्यक्ष लागतो ना? ज्याच्यासाठीं तें चाललें आहे, तो माणूस त्यांत बरोबरीनें उभा आहे ना? आणि त्या कामाच्या कारभाऱ्यांस मोकळेपणानें प्रश्न विचारतां येतो ना? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर काम लहान असो कीं मोठें, तें धरावें, आणि निदान वर्षभर सोडूं नये. पहिल्या महिन्याचा उत्साह हा कोणालाही असतो. बांध टिकतो तो आठव्या-नवव्या महिन्यांतल्या कंटाळ्यावर मात करणाऱ्यांमुळें.

आयुष्याचा अर्थ शोधावयास निघालेला मनुष्य बहुधा स्वतःच्या मनांतच खोल खोल उतरत जातो, आणि तेथें त्याला पुन्हां आपणच भेटतों. अर्थ हा शोधून सांपडणारा जिन्नस नसून, कोणाच्या तरी उपयोगीं पडत असतां मागून येऊन उभा राहणारा सोबती आहे, असा आमचा समज दिवसेंदिवस दृढ होत चालला आहे. पुढच्या पावसाळ्यांत उधाणें यावयाचींच आहेत. तोंपर्यंत प्रत्येक घरानें आपल्या जवळचा बांध कोणता हें ओळखावें, आणि कोणत्या दिवशीं कोण टोपलें उचलणार, हें रात्रीच्या पंगतींत ठरवून ठेवावें, एवढीच आमची विनंति.